वीस मिनिटं झकास, मग गचके: अकरा वर्षं उभ्या राहिलेल्या एमजीबीचं न संपणारं दुखणं

आधी लक्षण सांगतो, म्हणजे तुमची गाडी याच दुखण्याची आहे का ते कळेल. थंड इंजिन अर्ध्या स्टार्टरला सुरू होतं. चोक आत ढकलला की आयडलिंग एकसारखं. पहिली पंधरा-वीस मिनिटं गाडी अशी पळते की वाटतं, झालं, सुटलो. मग चढावर किंवा मोकळ्या रस्त्यावर जरा दाबली की एक हलका गचका. थोड्या वेळाने दुसरा. मग ताकद ओसरत जाते आणि गाडी कडेला घ्यायच्या आत बंद. बॉनेट उघडून दहा मिनिटं डोकं खाजवा, किल्ली फिरवा, काही झालंच नाही अशी सुरू होते. पुढे पाच-सात मिनिटांनी पुन्हा तेच.

माझी गाडी 1972 ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे एमजीची उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्‌स कार. 1798 सीसीचं चार सिलिंडरचं बी-सिरीज इंजिन, एसयू कंपनीचे दोन एचएस4 कार्बोरेटर (हवा-पेट्रोलचं मिश्रण बनवणारे), मागे एसयूचाच इलेक्ट्रिक पेट्रोल पंप. अकरा वर्षं शेडमध्ये उभी होती आणि उभी केली तेव्हा टाकी साधारण अर्धी भरलेली होती. ही अर्धी टाकी लक्षात ठेवा, पुढे तिचंच सगळं पुराण आहे. 1962 ते 1980 या काळात या मॉडेलच्या पाच लाखांहून जास्त गाड्या बनल्या, त्यामुळे सुटे भाग अजून मिळतात. पण ट्रायम्फ असो, अल्फा असो की फियाट, कार्बोरेटरवाली कुठलीही जुनी स्पोर्ट्‌स कार बराच काळ उभी राहिली की दुखणं बहुतेक असंच असतं.

कार्बोरेटर तीनदा उघडून झालं. पहिल्यांदा मी, दुसऱ्यांदा एका गॅरेजने, तिसऱ्यांदा पुन्हा मी. दरवेळी पन्नास-साठ किलोमीटर गाडी मस्त आणि मग तेच गचके. गॅरेजवाल्याने "कॉइल गरम होते" म्हणून कॉइल (प्लगच्या ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी) बदलली. तीही वीस मिनिटांनी गरम झाली, कारण कॉइल गरम होतेच. तिसऱ्या वेळी फ्लोट चेंबरचं, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोल साठवणाऱ्या वाटीचं, झाकण काढलं तर तळाशी विटकरी रंगाची पूड बसलेली. चहाच्या गाळासारखी दिसली म्हणून बोटाच्या चिमटीत घेऊन चोळली, तर गाळासारखी दबली नाही, कचकच लागली आणि त्वचेच्या रेषांत तपकिरी रंग भरला. गंज. कार्बोरेटर तर पितळ आणि ॲल्युमिनियमचं. त्यात लोखंडाचा गंज येईल कुठून? एवढा साधा प्रश्न मला तिसऱ्या खेपेला पडला, याची अजून लाज वाटते.

ज्यांनी अजून स्टार्टर मारलेलाच नाही त्यांच्यासाठी आधी दोन शब्द. थेट किल्ली फिरवू नका. चारही प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडा, एक-दोन दिवस मुरू द्या. मग चौथा गिअर टाकून गाडी हाताने पुढे ढकला आणि इंजिन फिरतंय का बघा. अडलं तर जोर लावू नका, आणखी तेल, आणखी वाट. फिरलं की ऑइल आणि फिल्टर बदला, कॉइलची वायर काढून ठेवा आणि प्लग न लावताच स्टार्टर मारा, ऑइल प्रेशरचा काटा हलेपर्यंत. इंजिन गरम झाल्यावर धावताना हा काटा 50 ते 80 पीएसआयच्या दरम्यान असायला हवा. क्लचची प्लेट फ्लायव्हीलला चिकटली असेल तर पेडल दाबलेलं ठेवून एक-दोन दिवस लाकडी टेकू लावा. बऱ्याचदा तेवढ्यावर सुटते. टायरवर नक्षी कितीही असो, कडेवरचे चार आकडे वाचा. पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. ते वर्ष फार जुनं असेल तर त्या टायरवर चाचणीलाही बाहेर पडू नका.

आता टाकी. अर्धी भरलेली टाकी ही पूर्ण भरलेल्या आणि पूर्ण रिकाम्या अशा दोन्ही टाक्यांपेक्षा वाईट. खालच्या अर्ध्या भागात पेट्रोलमधला हलका अंश उडून जातो आणि उरतो तो डिंक: चिकट, वार्निशसारखा, एक आंबट कुबट वास असलेला. हा वास एकदा घेतला की विसरत नाही. वरच्या अर्ध्या भागात उघडा पत्रा आणि हवा. रात्री थंडावा, दिवसा ऊब, पत्र्यावर दव आणि दवाचा गंज. शिवाय हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की पाणी-इथेनॉलचा थर वेगळा होऊन तळाशी बसतो. म्हणजे वरून गंज, खालून पाणी.

गंजाचे हे पापुद्रे टाकीत तरंगत असतात. इंजिन चालू असतं तोवर पंप ओढत असतो, आणि ते पापुद्रे हळूहळू टाकीतल्या नळीच्या तोंडाशी असलेल्या जाळीवर येऊन चिकटतात, नाल्याच्या जाळीवर पानं साचतात तसे. पंधरा-वीस मिनिटांत जाळी बुजते. इंजिन बंद पडलं, ओढ संपली, की पापुद्रे सुटून खाली बसतात. दहा मिनिटांनी जाळी मोकळी आणि गाडी सुरू! आपल्याला वाटतं गाडी थंड झाली म्हणून सुरू झाली. त्यामुळे संशय जातो कॉइलवर, कंडेन्सरवर, पेट्रोलची वाफ अडकण्यावर. पण इथे पंप मागे आहे आणि तो पेट्रोल पुढे ढकलतो, म्हणून वाफ अडकण्याची शक्यता तशी कमी. ती दहा मिनिटं थंड होण्याची नव्हती, गाळ बसण्याची होती. जाडे पापुद्रे जाळीवर अडत होते आणि बारीक पूड जाळीतून निसटून फ्लोट चेंबरपर्यंत पोचत होती. म्हणून कार्बोरेटर धुतलं की थोडा आराम, आणि मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

हे अंदाजाने मानू नका, तपासा. आणि तपासायचं ते गाडी बंद पडलेली असताना, घरी आणून थंड झाल्यावर नाही. बंद पडल्यानंतरची पहिली दोन मिनिटं लाखमोलाची. त्या दोन मिनिटांत बहुतेक जण बॉनेट उघडून वायरी हलवतात. मी सांगतो, बॉनेट उघडूच नका. गाडी सुरक्षित जागी घ्या, किल्ली ऑन ठेवा, रेडिओ बंद करा आणि मागून येणारा आवाज ऐका.

एसयू पंप हा बोलका प्राणी आहे. आत एक विद्युतचुंबक डायफ्रॅम ओढतो, पेट्रोल आत येतं. मग स्प्रिंग डायफ्रॅम परत ढकलते, पेट्रोल पुढे जातं. प्रत्येक फेऱ्याला एक "टक". किल्ली ऑन केल्यावर आधी टक-टक-टक, आणि फ्लोट चेंबर भरले की शांत. मग अधूनमधून एखादं टक. हे तब्येतीचं लक्षण. टक-टक सतत आणि घाईघाईने चालूच असेल तर पंप हवा ओढतोय: टाकी रिकामी, नाहीतर ओढीच्या बाजूचा पाइप चिरलेला, किंवा पुढे कुठेतरी पेट्रोल सांडतंय. शेवटची शक्यता असेल तर किल्ली तात्काळ बंद. आणि गाडी बंद पडलेली, फ्लोट चेंबर रिकामे, तरी पंप गप्प? तर पंपाच्या पुढच्या बाजूचा, म्हणजे पेट्रोल बाहेर पडण्याचा पाइप सैल करा. लगेच टक-टक सुरू झालं तर अडथळा पुढे आहे: मधला फिल्टर किंवा फ्लोट चेंबरमध्ये पेट्रोलची वाट उघडबंद करणारी नीडल. नाहीच झालं, आणि पंपाचं अंग हाताला चांगलंच गरम लागतंय, तर तो ओढायला बघतोय पण पेट्रोल येत नाहीये. डायफ्रॅम अर्ध्यात अडकलाय, पॉइंट (करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) मिटलेले, करंट वाहतोय. मागचा पाइप सैल केल्यावर टक आलं, तर गुन्हेगार टाकीत. आणि गप्पही, थंडही, तर पंपाचे पॉइंट जळालेत किंवा अर्थिंग गेलंय. अशा वेळी पाना उलटा धरून पंपाला हळूच टिचकी मारली की तो जागा होतो. ही टिचकी गाडी घरी आणण्यापुरती. पॉइंट बदलायचेच.

पाइप सैल करताना पेट्रोल येणारच. खाली भांडं धरा, सिगारेट-ठिणगी जवळ नको, अग्निशामक हाताशी हवा.

पाइपला हात लावण्याआधी एक छोटी गोष्ट करून बघा: टाकीचं झाकण उघडा. "फुस्स" असा हवा आत शिरल्याचा आवाज आला आणि पंप बोलू लागला तर टाकीला श्वास घ्यायची वाट नाही. कुणीतरी जुन्या झाकणाच्या जागी छिद्र नसलेलं झाकण बसवलेलं असतं. माझ्याकडे हे नव्हतं, पण लक्षणं हुबेहूब अशीच असतात आणि इलाज फक्त योग्य झाकण.

माझा पंप गप्प आणि गरम होता. पक्कं करायला थंड इंजिनवर मोजमाप घेतलं. कार्बोरेटरकडे जाणारा रबरी पाइप काढून मापाच्या भांड्यात सोडला आणि किल्ली ऑन केली. निरोगी पंपाने मिनिटाला किमान अर्धा लिटर तरी द्यायला हवं. पहिल्या मिनिटाला त्याहून बरंच जास्त आलं. पेट्रोल टाकीत परत ओतत राहिलो. सातव्या मिनिटाला धार बारीक झाली, नवव्याला पेनाच्या रिफिलएवढी, मग थेंब थेंब. दहा मिनिटं थांबून पुन्हा ऑन केलं तर पहिल्यासारखी जाड धार. रस्त्यावर जे होत होतं तेच भांड्यात दिसलं.

टाकीच्या बाजूला इंधनमापकाचा सेंडर एका गोल कड्याने बसवलेला असतो. टाकी रिकामी करून तो काढला आणि आत बॅटरी मारली. वरचा पत्रा नारळाच्या करवंटीसारखा खरबरीत. तळाला काळपट तपकिरी साय, आणि पत्र्याला जरा धक्का दिला की वरून भुरभुर. (रिकामी टाकी भरलेलीपेक्षा धोक्याची असते, कारण आत वाफ भरलेली असते. बॅटरी बाहेर चालू करून मग जवळ न्या. आणि वेल्डिंगवाल्याकडे तर अशी टाकी तशीच कधीच नेऊ नका.)

इथे लोक टाकीत ओतायच्या जादूच्या बाटल्यांकडे वळतात. भरल्या टाकीत क्लीनर ओतलं तर डिंक सुटतो खरा, पण सुटून जातो कुठे? पाइपातून सरळ कार्बोरेटरात. आणि गंजावर त्याचा काही परिणाम होत नाही. टाकी उतरवावीच लागते. उतरवून मी आत एक साखळी टाकली, गोधडीत गुंडाळून अर्धा तास हलवली, मग सायट्रिक ॲसिडचं कोमट द्रावण भरून दोन दिवस ठेवलं, सोड्याच्या पाण्याने धुतली, लगेच वाळवली. आतून चांदीसारखी निघाली, आणि वरच्या बाजूला सुईच्या टोकाएवढी तीन भोकं उघडी पडली. या गाडीचं हे जुनंच दुखणं आहे: टाकीचा माथा आणि डिकीचा तळ यांच्या मधल्या फटीत ओली माती साचून पत्रा बाहेरूनही कुजतो. दोन्हीकडून कुजलेल्या पत्र्याला गंजानेच धरून ठेवलं होतं. म्हणून नवी टाकी बसवली. आतून लेप देऊन जुनी वाचवता येते असं सांगणारे भेटतील. पण लेप इथेनॉलने सुटला की पापुद्र्यांऐवजी प्लास्टिकचे तुकडे जाळीवर यायला लागतात. मी त्या वाटेला गेलो नाही.

टाकी बदलून थांबू नका. मागून पुढे जाणारी पोलादी नळी दोन्ही टोकांनी मोकळी करून हवा मारा. सगळे रबरी पाइप बदला. जुनं रबर इथेनॉलने आतून सुजतं, सुटतं आणि काळे कण सोडतं. नवा पाइप घेताना त्यावर एसएई जे30 आर9 असं छापलेलं बघा. फिल्टर पंपाच्या पुढे, दाबाच्या बाजूला लावा. ओढीच्या बाजूला लावलात तर बुजणारी आणखी एक जाळी तयार केलीत. पहिले काही दिवस मी पारदर्शक फिल्टर लावला, म्हणजे काय येतंय ते दिसतं. नंतर तो काढून पत्र्याचा बसवला, कारण गरम इंजिनजवळ प्लास्टिक नको. आणि मग, चौथ्यांदा आणि शेवटचं, कार्बोरेटर धुतलं.

गाडी एक तास पळाली. दीड तास पळाली. मी शिट्टी वाजवायला लागलो, आणि तिसऱ्या दिवशी गचका.

पण हा गचका वेगळा होता. पहिला प्रकार हळूहळू गळा आवळल्यासारखा. हा एकदम, कुणी बटण बंद-चालू केल्यासारखा. आणि यावेळी नजर योगायोगाने आरपीएमच्या मीटरवर होती. गाडी गिअरमध्ये, चाकं इंजिनला फिरवतायत, तरी काटा क्षणात शून्यावर पडला आणि उडून परत वर आला. या गाडीचा मीटर विजेवर चालतो, इग्निशनच्या प्राथमिक सर्किटवरून. पेट्रोल कमी पडलं तर काटा इंजिनच्या वेगाबरोबर हळूहळू उतरतो. इंजिन फिरत असताना काटा थेट शून्यावर म्हणजे कॉइलला जाणारा किंवा पॉइंटमधून येणारा करंटच तुटतोय. हजारो रुपयांचं उपकरण जे सांगणार नाही ते हा काटा फुकटात सांगतो.

दुसरा धागा: आयडलवर कधीच नाही, पूर्ण दाबल्यावर कधीच नाही. फक्त अर्ध्या ॲक्सिलरेटरवर. अर्ध्या ॲक्सिलरेटरवर व्हॅक्यूम ॲडव्हान्स, म्हणजे ठिणगीची वेळ अलीकडे आणणारी यंत्रणा, काम करतो आणि डिस्ट्रिब्यूटरमधली (प्लगना पाळीपाळीने ठिणगी वाटणाऱ्या भागातली) पॉइंटची प्लेट फिरवतो. व्हॅक्यूमची नळी काढून तोंड बंद केलं आणि चालवून आणली: एकही गचका नाही. मग डिस्ट्रिब्यूटरची टोपी काढून ती प्लेट बोटाने सरकवली आणि पॉइंटकडे जाणारी छोटी वायर चिमट्याने हलकेच ओढली. वरचं आवरण रबरासारखं ताणलं गेलं. आतल्या तारा तुटलेल्या होत्या, दोन-तीन केस तेवढे टेकून होते. बोटभर लांबीची वायर! ती बदलताना प्लेटच्या अर्थिंगची वायरही बदला, तिचंही वय तेवढंच. इथे साधी जाड वायर चालत नाही. बारीक तारांची लवचिकच हवी, नाहीतर प्लेट अडते. पॉइंटचा गॅप 0.35 ते 0.40 मिमी. डिस्ट्रिब्यूटरमध्ये फिरून ठिणगी वाटणारा नवा रोटर घेताना मधे रिव्हेट असलेला टाळा, हलक्या दर्जाच्या रोटरमध्ये ठिणगी त्या रिव्हेटमधून खाली शाफ्टला जाते आणि तोही गरम झाल्यावरच दगा देतो.

म्हणजे दोन वेगळी दुखणी एकाच नावाखाली नांदत होती. एकाच दिवशी टाकी, कॉइल, प्लग, पॉइंट सगळं बदललं असतं तर कदाचित गाडी बरी झाली असती, पण कशामुळे ते कधीच कळलं नसतं. आणि ती केसभर वायर तशीच राहिली असती तर पुढच्या वेळी मी पुन्हा टाकीवर संशय घेतला असता.

"गाडी ओढत नाही" हे तिसरं गाऱ्हाणं मात्र इंजिनचं नसतंच, ब्रेकचं असतं. दहा किलोमीटर चालवा, शेवटी ब्रेक न मारता गाडी थांबू द्या आणि चारही चाकांजवळ हात नेऊन ऊब बघा. एक चाक भाजतंय? ते जॅकवर घ्या, हाताने फिरवा. फिरत नसेल तर कॅलिपरचा (डिस्कला आवळणाऱ्या भागाचा) ब्लीड निपल, म्हणजे हवा काढायचा स्क्रू, सैल करा. पिचकारी उडाली आणि चाक सुटलं, तर दाब आत कोंडलाय: रबरी होज आतून सुजून एकेरी झडपेसारखा झालाय. पेडलच्या जोराने ऑइल जातं, परत येत नाही. निपल उघडूनही चाक अडलेलंच, तर कॅलिपरचा पिस्टन गंजलाय. अकरा वर्षांनी मी होज, सील आणि ऑइल सगळंच बदललं, यात काटकसर नको. डॉट 4 ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान 230 अंश सेल्सिअस असतो. पाणी मुरल्यावर तो 155 पर्यंत उतरू शकतो. घाट उतरताना हा फरक पायाला कळतो.

हे सगळं झाल्यावरच, त्याआधी नाही, कार्बोरेटरच्या मिश्रणाला हात लावा. डॅशपॉटमध्ये (कार्बोरेटरच्या डोक्यावरच्या तेलाच्या नळीत) एसएई 20 ऑइल भरा. गरम इंजिनवर आयडल असताना एका कार्बोरेटरचा पिस्टन खालच्या पिनने मिलिमीटरभर उचला. वेग वाढून वाढलेलाच राहिला तर पेट्रोल जास्त. इंजिन लगेच मरायला लागलं तर कमी. क्षणभर किंचित वाढून सावरलं तर बरोबर. मग दुसऱ्याचं बघा, मग पुन्हा पहिल्याचं. घाई केलीत तर ही दोन भावंडं दिवसभर भांडतात.

सध्या मीटरवर तेव्हापासूनचे 1400 किलोमीटर झालेत. 500 वर फिल्टर कापून बघितला, आत पांढराशुभ्र कागद आणि एका कडेला मिठाच्या कणाएवढे दोन तपकिरी ठिपके, बहुधा जुन्या नळीतले. पेट्रोलचा काटा अजून पाव टाकी असताना शून्य दाखवतो. तो सेंडर पुढच्या रविवारी.